तानाकांना नोबेल नेमकं कशाचं मिळालं?

ऑक्टोबर उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. जपानमधला एक साधा नोकरदार, पीएचडी नाही, रसायनशास्त्र धड शिकलेला नाही, कॉलेजात एक वर्ष गचकलेला. एके दिवशी चुकून भलतंच काहीतरी मिसळतो आणि थेट नोबेल घेऊन येतो. खाली जोडलेल्या हातांचं चित्र. यंदा तो भाच्याने टाकला आणि वर स्वतःची भर घातली, 'उगाच डिग्र्यांच्या मागे पळता.' रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे एक काका त्यावर उखडले. ते नोबेल मुळात दोन जर्मनांचं, समितीने जपान्याच्या पदरात टाकलं, असं त्यांचं म्हणणं. रात्री अकरापर्यंत जुंपली होती, एक आत्या वैतागून ग्रुप सोडून गेली, आणि एवढ्या गदारोळात तानाकांनी केलं काय, हे कुणीच विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोइची तानाका यांना 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते योग्यच होतं. पण भाचा त्याचं जे कारण सांगतो ते साफ चुकीचं आहे. काकांचा आक्षेप मात्र पोकळ नाही. त्याला उत्तर द्यायचं तर घाम गाळावा लागतो, आणि एका ठिकाणी तर माझ्याकडे उत्तरच नाही.

वाद कळायला आधी यंत्र कळायला हवं. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचा तराजू. पण या तराजूत रेणू ठेवून चालत नाही, तो उडवावा लागतो, तोही विद्युतभार देऊन आणि निर्वात नळीत. तानाका ज्या प्रकारच्या यंत्रावर काम करत होते त्यात सगळ्या आयनांना सारखाच धक्का देतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण किती वेळात पोचतो ते मोजतात. हलका आधी येतो, जड मागून रेंगाळत येतो. लहान रेणूंचं या तराजूवर वजन करणं ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुळलेली गोष्ट. घोडं अडलं होतं प्रथिनांपाशी. प्रथिन म्हणजे हजारो अणूंचा नाजूक गुंता; तापवलं तर त्याची वाफ होण्याआधी ते मोडतं. लेझरचा झोत थेट मारला तर हाती नुसते तुकडे. उकडीचा मोदक जाळावर धरून शिजवायला जावं, तसलाच प्रकार. मोदकाला उकड लागते, म्हणजे जाळाची धग आधी पाण्याने सोसायची आणि मोदकापर्यंत बेताने पोचवायची. प्रथिनासाठी असं पाणी कोणतं, हा प्रश्न होता. असं काही सापडेल यावर 1980 च्या दशकात फारच थोड्यांचा विश्वास होता.

क्योतोच्या शिमाद्झू कंपनीत पाच जणांचा एक गट हे करू पाहत होता. तोहोकू विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन तानाका 1983 मध्ये तिथे लागले, आणि नमुना तयार करून तो लेझरने उडवायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. धातूची अतिसूक्ष्म भुकटी वापरून बघावी ही कल्पना एका सहकाऱ्याची. कोबाल्टचे कण इतके बारीक की प्रकाश गिळून भुकटी काळीकुट्ट दिसते. ती ॲसिटोनमध्ये कालवायची आणि नमुन्यात मिसळायची, असा रिवाज. फेब्रुवारी 1985 मध्ये एकदा ॲसिटोनच्या जागी ग्लिसरीन पडलं. चूक लगेच ध्यानात आली, पण भुकटी महाग होती. ओतून द्यायला हात धजेना. निर्वात नळीत ग्लिसरीन हळूहळू उडूनच जाईल, असा विचार करून त्यांनी तो लगदा तसाच यंत्रात घातला. ग्लिसरीन लवकर उडावं म्हणून लेझरही चालू केला, आणि नुसतं बसून राहण्यापेक्षा पडद्याकडे बघत राहिले. नमुना होता जीवनसत्त्व बी-12, रेणुभार साधारण 1,355. त्या वजनाच्या जागी, गोंगाटातून किंचित वर आलेला, एक उंचवटा दिसला. रेणू न मोडता उडाला होता.

भाच्याच्या मजकुरात गोष्ट इथे संपते. खरी गोष्ट इथे सुरू होते. चूक कुणाकडून होत नाही? बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मी स्वतः भलत्याच बाटलीतलं आम्ल ब्युरेटमध्ये भरलेलं आहे. सरांनी झापलं आणि मी ते बेसिनमध्ये ओतून मोकळा झालो. तानाकांच्या हातून झालेली चूक एका क्षणाची होती. त्या क्षणी पडद्यावरचा फडफडता गोंगाट कोणता आणि त्यातून डोकावणारा खरा संकेत कोणता, हे ओळखणारी नजर मात्र शेकडो फसलेल्या प्रयोगांनंतर आलेली होती. तोच प्रयोग त्यांनी मग मुद्दाम करून पाहिला. प्रमाण बदललं, पुन्हा केला. त्याच वर्षी कंपनीने पेटंटचा अर्ज केला. तरीही 1,355 वजनाचा रेणू उडवणं आणि प्रथिन उडवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. जड आयन टोकाला पोचले तरी ते टिपणारा शोधक, म्हणजे डिटेक्टर, नव्हता, तो गटातल्या इतरांनी घडवला. नळी सुधारली, संकेत गोळा करायची पद्धत सुधारली. सप्टेंबर 1987 मध्ये जपान आणि चीनच्या संशोधकांच्या एका परिषदेत हे काम मांडलं तेव्हा अडीच वर्षं उलटली होती. पुढल्या वर्षी छापून आलेल्या लेखात 25,000 च्या वरचं कायमोट्रिप्सिनोजेन हे प्रथिन होतं, आणि लायसोझाइमचे एकमेकांना चिकटलेले घोस थेट एक लाखापर्यंत गेले होते. याला 'चुकून' म्हणायचं?

वाया घालवू नये ही आजीची शिकवण होती, असं तानाका सांगतात. जपानीत त्याला 'मोत्ताइनाई' असा शब्द आहे, आणि त्यावर आपले लोक भलतेच खूश होतात. पण ताटात शीत टाकू नये हे आपल्याही आज्यांनी सांगितलंय. आजी सगळ्यांनाच असते, मास स्पेक्ट्रोमीटर नसतो. जपानमध्येच याच्या आधीचं एक उदाहरण आहे. तोक्योत 1967 मध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाने उत्प्रेरक हजारपट जास्त घातला आणि काळ्या भुकटीऐवजी पॉलिॲसिटिलीन या प्लॅस्टिकचा चंदेरी पापुद्रा तयार झाला. चूक झाली त्याच दिवशी त्याला कुणी नोबेल दिलं नाही. त्या पापुद्र्यातून धातूसारखी वीज वाहते हे दाखवायला दुसऱ्या देशातले दोन सहकारी आणि जवळजवळ दहा वर्षं लागली. पारितोषिक आलं 2000 साली. चूक दोन्हीकडे आहे, खरी. पण चूक वगळून बाकीची वर्षं बघा, मग कळेल पैसे कशाचे मिळाले ते.

राहिला डिग्रीचा मुद्दा. तानाकांचा जन्म 1959 चा, तोयामाचा. जन्मानंतर महिनाभरात आई गेली, काका-काकूंनी वाढवलं. वडील म्हणून ज्यांना ओळखलं ते सुतारांची हत्यारं दुरुस्त करत, करवतींना धार लावत. कॉलेजात ते गचकले हे खरं, पण गचकले जर्मन भाषेत! (पुढे त्यांच्याविरुद्ध दावा सांगणारे जर्मनच निघावेत, याची गंमत वाटते.) थोडक्यात, हुशार अभियंता योग्य जागी पडला. रसायनशास्त्राचे पूर्वग्रह नव्हते म्हणून हे जमलं, असं स्वतः तानाकाही कधी विनयाने म्हणतात. त्यांच्या विनयाला आपण पुरावा मानायचं कारण नाही. अज्ञानाचा फायदा होतो तो जाणत्यांच्या कोंडाळ्यात. शेजारच्या टेबलावर शोधक बनवणारा माणूस बसलेला, भुकटीची कल्पना देणारा सहकारी, आणि 1875 पासून उपकरणं घडवत आलेली, क्ष-किरणांच्या शोधाला वर्षही होत नाही तोच 1896 मध्ये जपानमध्ये क्ष-किरण छायाचित्रं काढलेली कंपनी पाठीशी. हे सगळं काढून घेतलं आणि नुसता डिग्री नसलेला तरुण उरवला, तर काय उरतं? भाचा. त्याच वर्षी तानाकांबरोबर पारितोषिक घेणारे जॉन फेन आणि कुर्ट व्यूथरिख दोघेही रीतसर पीएचडी होते, हे त्या मजकुरात कधीच नसतं.

आता काका. त्यांचं म्हणणं मी शक्य तितकं मजबूत करून मांडतो. फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास हे दोघे फ्रँकफर्टमध्ये याच प्रश्नावर काम करत होते. ॲलनिन हे अमिनो आम्ल लेझरचा प्रकाश फारसा शोषत नाही, पण शोषणाऱ्या ट्रिप्टोफॅनच्या संगतीत ठेवलं की तेही सहज उडतं, हे त्यांनी 1985 मध्येच छापलं. म्हणजे मोदकाला पाणी हवं हे तत्त्व त्यांनी आधी आणि नीट समजून मांडलं. नमुना ज्यात कालवून उडवतात त्या पदार्थाला 'मॅट्रिक्स' हा शब्दही त्यांनीच रुळवला. कोबाल्ट आणि ग्लिसरीनचा लगदा मुळातच आडदांड होता, त्याला नमुना भरपूर लागे. जर्मनांचं साधं सेंद्रिय आम्ल कितीतरी थोडक्यात काम भागवी. मॅट्रिक्सच्या मदतीने लेझरने रेणू उडवायची जी 'माल्डी' पद्धत आज जगभर वापरतात ती त्यांची. शिमाद्झूने तानाकांच्या पद्धतीचं यंत्र बाजारात आणलं तेव्हा ते विकलं गेलं एक, अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेला. जी पद्धत कुणी वापरत नाही तिला नोबेल, आणि जी सगळे वापरतात तिचे जनक प्रेक्षकांत? हा आक्षेप वाचून मीही आधी काकांच्या बाजूला झालो होतो.

मग रामन आठवले. आपल्या शाळांत 27 फेब्रुवारीला मराठी दिन आटोपला की दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन असतो, फळ्यावरचं खडूचं नक्षीकाम तेच राहतं, फक्त मजकूर बदलतो. तो 28 फेब्रुवारी 1928, रामन परिणामाचा दिवस. त्याच महिन्यात मॉस्कोत लांड्सबेर्ग आणि मांडेलश्टाम यांना स्फटिकांमध्ये तोच परिणाम दिसला होता. रशियन लोक तारीख सांगतात 21 फेब्रुवारी, आणि अजूनही त्याला रामनचं नाव देत नाहीत, त्यांचा शब्द वेगळा आहे. पण त्यांचा लेख मागून आला. 1930 चं पारितोषिक एकट्या रामन यांना मिळालं. आपल्यापैकी किती जणांनी याबद्दल हळहळ व्यक्त केली? जगापुढे आधी कुणी सिद्ध करून ठेवलं, हा निकष रामनना लावताना आपल्याला गोड लागतो. मग क्योतोच्या माणसाला लावताना तो कडू का व्हावा?

आणि निकष तोच लावला तर हिशेब सरळ आहे. 1987 मध्ये जर्मन जोडीने सुमारे 2,850 वजनाच्या मेलिटिनपर्यंत मजल मारली होती. मेलिटिन म्हणजे मधमाशीच्या विषातलं छोटं पेप्टाइड. त्याला प्रथिन म्हणायचं तर जरा उदार व्हावं लागेल. लेझरच्या माऱ्यात मोठं प्रथिन अखंड उडू शकतं, हे त्याच वर्षी सप्टेंबरात तानाकांच्या गटाने दाखवलं. त्या परिषदेला आलेल्या अमेरिकी संशोधकांनी ही बातमी आपल्या देशात नेली. जर्मनांचा 67,000 वजनाच्या अल्ब्युमिनचा लेख छापून आला 1988 च्या ऑक्टोबरात. ते स्वतःच्या वाटेने तिथवर येतच होते, वर्ष-दोन वर्षांत पोचलेही असते, हे मला पूर्ण मान्य. पण पोचले असते याला पारितोषिक देत नाहीत. कुणी वापरत नाही म्हणून शोध खोटा ठरत नाही. राइट बंधूंचं 1903 चं विमान वळायचं ते पंख पिळून. आज एकही प्रवासी विमान तसं वळत नाही. म्हणून काय किटी हॉकला कुणी उडालंच नव्हतं?

तरी काकांना एक गोष्ट द्यावीच लागते. नोबेलच्या मृत्युपत्रात भौतिकीसाठी शोध किंवा नवनिर्मिती असं म्हटलंय, पण रसायनशास्त्रासाठी शब्द आहेत शोध किंवा सुधारणा. आणि सुधारणा जर्मनांची होती, तीही अशी की तिच्याशिवाय हा शोध परिषदेच्या वहीतच राहिला असता. मग त्यांना का वगळलं? जागा नव्हती. एका पारितोषिकात तिघांपेक्षा जास्त बसत नाहीत. 2002 मध्ये अर्धं पारितोषिक व्यूथरिख यांना मिळालं, ते चुंबकीय अनुस्पंदनाच्या वेगळ्याच कामासाठी. उरलेल्या अर्ध्यात इलेक्ट्रोस्प्रेवाले, म्हणजे विद्युतभारित फवाऱ्यातून प्रथिनं उडवणारे, फेन आणि तानाका. फेन यांनी आपल्या व्याख्यानाच्या मथळ्यात प्रथिनांना रेणूंमधले हत्ती म्हटलं आणि त्यांना पंख लावले. हत्तींना पंख लावणारे मोजायला गेलं तर चौघे भरतात आणि खुर्च्या तीन. माझं ऐकलं असतं तर व्यूथरिखना दुसऱ्या वर्षी बोलावलं असतं, आणि तरीही एक जर्मन उभाच राहिला असता. हा दोष पाकिटाच्या आकाराचा. तानाकांच्या माथी तो का मारायचा?

ज्याला माझ्याकडे उत्तर नाही तो मुद्दा ना काकांनी काढला ना भाच्याने. 1988 च्या लेखावर सहा नावं आहेत. भुकटीची कल्पना एकाची, जड आयन पकडणारा शोधक दुसऱ्याच्या हातचा. बोलावणं आलं एकाला. निर्णायक पाऊल नमुन्याचं होतं आणि ते तानाकांचं होतं, असा बचाव करता येतो; समितीनेही तसाच विचार केला असावा. पण रामन यांच्या प्रयोगात रोज प्रकाशाच्या झोतासमोर बसणारे के. एस. कृष्णन होते, आणि त्यांचं नाव आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? तानाका जिथे जातील तिथे सहकाऱ्यांचा उल्लेख करतात. उल्लेखाने वाटा मिळत नाही.

वाट्यावरून आठवलं. या पेटंटसाठी कंपनीने तानाकांना दिलेली रक्कम सगळी मिळून 11,000 येन होती. एक बऱ्यापैकी जेवण होईल एवढी. नोबेलनंतर कंपनीला जाग आली, बक्षीसही दिलं आणि नवं पदही. आपल्याकडे यावर निर्लोभी जपानी माणूस म्हणून भाषणं होतात. मला त्यात निर्लोभ दिसत नाही, तेव्हाची रीत दिसते. त्याच काळात निळ्या एलईडीचे शुजी नाकामुरा आपल्या जुन्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेले होते. त्यांना त्या शोधासाठी मिळाले होते 20,000 येन. खालच्या कोर्टाने 2004 मध्ये 20 अब्ज येन द्या म्हणून सांगितलं, पुढच्या वर्षी तडजोड झाली ती सुमारे 84 कोटी येनांवर. तानाका भांडले नाहीत हा त्यांचा स्वभाव. पण न भांडणाऱ्याच्या गळ्यात हार घालून भांडणाऱ्याला लोभी ठरवायची आपली सवय फार सोयीची आहे, विशेषतः मालकांना.

शिवाय त्या पेटंटचा अर्ज फक्त जपानपुरता होता, परदेशात नाही. घरातच मांडून ठेवलेल्या शोधाचं काय होतं, हे जपानला आधीच ठाऊक असायला हवं होतं. उमेतारो सुझुकी यांनी 1910 मध्ये तांदळाच्या कोंड्यातून बेरीबेरी बरा करणारा घटक वेगळा काढला, पण ते छापलं जपानीत. जर्मन गोषवाऱ्यात हे नवंच पोषकद्रव्य आहे ही मुख्य गोष्ट आलीच नाही. 'व्हिटॅमिन' हे नाव दुसऱ्याने दिलं आणि 1929 चं नोबेल तिसऱ्या-चौथ्यांनी नेलं. तानाकांची 1987 ची परिषद जपानमध्येच होती. तिथे दोन-चार परदेशी पाहुणे नसते तर काकांना आज वाद घालायला कारणच उरलं नसतं.

9 ऑक्टोबर 2002 च्या संध्याकाळी फोन आला तेव्हा तानाका 43 वर्षांचे होते. बढतीच्या परीक्षा न देता प्रयोगशाळेतच राहिलेले. पत्रकारांसमोर आले ते कंपनीच्या कामाच्या गणवेशात, आणि तेच छायाचित्र सगळीकडे गाजलं. त्या गणवेशानेच त्यांचा घात केला असं मला वाटतं; लोकांना त्यात कारकून दिसला. पुढे त्यांच्या नावाची प्रयोगशाळा निघाली. रक्तातले अमायलॉइड बीटाचे तुकडे माल्डी यंत्रावर मोजून अल्झायमरच्या खुणा ओळखणारं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं काम 2018 मध्ये 'नेचर'मध्ये आलं. एकदा लागलेल्या लॉटरीवर कुणी सोळा वर्षांनी असं व्याज कमावत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांनी लिहिलं. भाच्याने अंगठा दाखवला आणि विषय बदलला. तो मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये लागलाय. पेट्री डिशवर उगवलेला जंतूंचा ठिपका लाकडी काडीने टिपायचा, पोलादी पट्टीवर फासायचा, वरून मॅट्रिक्सचा एक थेंब, आणि काही मिनिटांत जंतूचं नाव पडद्यावर, हे तो रोज करतो. त्या थेंबात कोबाल्ट नसतं, ग्लिसरीनही नसतं. काकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं आणि पुराव्यादाखल कारास आणि हिलेनकाम्प यांचा 1988 चा मूळ लेख धाडला. मी तो शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि संदर्भांच्या यादीतली एक ओळ अधोरेखित करून परत पाठवली: तानाका आणि इतर, सप्टेंबर 1987, जपान-चीन परिषद. दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर अजून आलेलं नाही.